मालक एक, अंमल दुसऱ्याचा : मोताळ्यातून वाचलेली 'द ब्रिज ऑन द ड्रिना'

आमच्या आजीच्या बोलण्यात एक मुलूख होता, जो माझ्या भूगोलाच्या पुस्तकात कुठेच नव्हता. मोगलाई. एखाद्या सोयऱ्याचं गाव विचारलं की ती म्हणायची, "थो मोगलाईतला हाय." म्हणजे भोकरदन-जाफ्राबादकडचा, निजामाच्या हद्दीतला. तिचं माहेर धाडच्या बाजूचं, हद्दीला लागून. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. तरी तिची हद्द पक्की होती. तिकडे मोगलाई, इकडे आपण.

'इकडे आपण' म्हणजे मोताळा. मलकापूरहून बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट लागायच्या आधीचं तालुक्याचं गाव. जुन्या कागदांत या घाटाखालच्या पट्ट्याला पायनघाट म्हणतात आणि वरच्याला बालाघाट. आम्ही पायनघाटातले, वऱ्हाडातले, इंग्रजांच्या मुलखातले. मोगलाईतले नव्हे.

ही हद्द कागदावर खरी नव्हती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या हातात गेलं, पण ते गेलं फक्त कारभारासाठी. मालकी निजामाचीच राहिली, आणि इंग्रज देश सोडून जाईपर्यंत कायद्याच्या भाषेत ती त्याचीच होती. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर अकाउंट एकाच्या नावावर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसऱ्याकडे. आजी ज्यांना मोगलाईतले म्हणायची, त्यांच्याइतकेच कागदोपत्री आम्हीही मोगलाईतले होतो.

इव्हो आंद्रिचची 'द ब्रिज ऑन द ड्रिना' ही कादंबरी मी हे कळल्यानंतर वाचली. मूळ भाषा सर्बो-क्रोएशियन, मी वाचला तो लोव्हेट एडवर्ड्स यांचा १९५९ चा इंग्रजी अनुवाद. विशेग्राद नावाच्या बोस्नियातल्या लहानशा गावाची आणि त्याच्या दगडी पुलाची ही साडेतीनशे वर्षांची गोष्ट. बाल्कन देश, तिथली बंडं, साम्राज्यं, स्वातंत्र्याच्या लढाया, सगळं तीत आहे. पण मला तीत सगळ्यांत आधी दिसलं ते वऱ्हाड. 'अंमल एकाचा, मालकी दुसऱ्याची' हा प्रकार जगात फक्त आपल्याच वाट्याला आला असेल असं मला वाटत होतं. तसं नव्हतं.

या लेखात मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. राज्य बदलतं तेव्हा गावात नेमकं काय बदलतं, हे या कादंबरीइतकं चांगलं फार थोड्या पुस्तकांनी दाखवलंय. आणि ज्या पुलामुळे ही कादंबरी उभी राहते, त्याच पुलामुळे ती एका महत्त्वाच्या जागी चुकते. आपल्या गावांचा इतिहास लिहायचा असेल तर तिच्यातलं काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं गरजेचं आहे.

दोन कागद

आधी कागदपत्रं बघू, कारण साम्य तिथे सुरू होतं.

१८७८ मध्ये बर्लिनच्या करारात युरोपातल्या मोठ्या सत्तांनी ठरवलं की बोस्निया-हर्झेगोव्हिनावर ऑस्ट्रिया-हंगेरीने कब्जा घ्यावा आणि कारभार पाहावा. सार्वभौमत्व मात्र तुर्कस्तानच्या सुलतानाचं. तीस वर्षं हे असंच चाललं. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने जाहीर केलं की आता हा प्रदेश आमचा. १९०९ मध्ये सुलतानाच्या सरकारने भरपाई म्हणून २५ लाख तुर्की पौंड घेतले आणि विषय मिटवला.

आता आपल्याकडे या. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज ठेवली होती आणि तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर होता. तो थकला, कर्ज वाढलं. १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात करार झाला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलं. १८६० मध्ये करारात दुरुस्ती झाली, काही जिल्हे परत गेले, वऱ्हाड राहिलं. १९०२ मध्ये कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. भाडं वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडलं गेलं.

तिकडे २५ लाख पौंड एकरकमी, इकडे २५ लाख रुपये दर साल. दोन्हीकडे ज्यांच्या घरादाराबद्दल हा व्यवहार चालला होता त्यांना कोणी विचारलं नाही.

माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे. त्यावर 'मध्यप्रदेश' लिहिलंय. लहानपणी मला वाटायचं, आजोबा परराज्यात शिकले. ते मोताळ्याबाहेर शिकलेच नव्हते. १९५० मध्ये 'मध्यप्रांत व वऱ्हाड'चं नाव मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. विशेग्रादच्या माणसाचंही तेच. १९०० साली जन्मलेला माणूस ऑस्ट्रियाच्या अमलाखाली जन्मला, १९१८ नंतर युगोस्लाव्ह राज्यात आला, दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियाच्या फॅसिस्ट राज्यात गेला आणि १९४५ नंतर पुन्हा युगोस्लाव्हियात. या सगळ्या काळात त्याने घर बदलायची गरज नव्हती.

कान, आकडा, कंदील

कादंबरीतला पूल खरा आहे. विशेग्रादजवळच्या एका खेड्यातून तुर्की फौजेसाठी उचलून नेलेला एक ख्रिस्ती मुलगा पुढे साम्राज्याचा वजीर झाला, मेहमेद पाशा सोकोलोविच. त्याने सोळाव्या शतकात द्रिना नदीवर अकरा कमानींचा हा पूल बांधवून घेतला. बांधणारा मिमार सिनान, दरबाराचा मुख्य स्थापत्यकार. पूल १५७७ च्या सुमारास पूर्ण झाला. पुलाच्या मधोमध रुंद कट्टा आहे, त्याला 'कापिया' म्हणतात. गावाच्या गप्पा, भांडणं, प्रेमं, फाशी, सगळं तिथे. आपल्याकडच्या पारासारखंच, फक्त खाली नदी.

आंद्रिचची पद्धत अशी की तो लढाईच्या मैदानावर जातच नाही. लढाईचा परिणाम गावात कधी आणि कसा पोचतो, याची तो वाट बघत बसतो.

पुलासोबत वजिराने प्रवाशांसाठी एक दगडी सराई बांधली होती. तिचा खर्च हंगेरीतल्या इनाम जमिनींच्या उत्पन्नातून चालायचा. सतराव्या शतकाच्या शेवटी तुर्कांनी हंगेरी गमावली. विशेग्रादात तेव्हा कोणी तलवार उपसली नाही. फक्त सराईला पैसे येणं थांबलं. व्यवस्थापकाने पदरमोड करून पाहिली. मग छत गळायला लागलं, मग पडलं, मग प्रवासी यायचे थांबले. साम्राज्याची सीमा शेकडो मैल मागे सरकली हे गावाला कळलं ते एका धर्मशाळेच्या गळक्या छतावरून. स्थानिक इतिहास कसा लिहावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरा प्रसंग १८७८ चा. ऑस्ट्रियाची फौज येतेय. बाहेरून आलेला एक आवेशी मुफ्ती, करामानलिया, गावातल्या मुसलमानांना लढायला उभं करू पाहतो. अलीहोजा नावाचा स्थानिक दुकानदार त्याला विरोध करतो. त्याचं म्हणणं साधं आहे : ज्या लढाईत हरणं ठरलेलं आहे तिच्यात गावाला ढकलू नका. करामानलियाची माणसं त्याचा कान कापियावरच्या लाकडी वाशाला खिळ्याने ठोकतात आणि पळून जातात. तो खिळा काढतो कोण? नव्याने आलेल्या शत्रूच्या फौजेतला एक वैद्यकीय शिपाई. अलीहोजाच्या मनात या शिपायाबद्दल प्रेम निर्माण होत नाही आणि आपल्या माणसांबद्दलचा अभिमानही उरत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या भाषणांत बसणार नाही असं हे पान आहे. म्हणूनच ते खरं वाटतं.

मग नवा अंमल सुरू होतो. ऑस्ट्रियाचे कारकून कोणाला मारत नाहीत. ते मोजतात. घरांवर आकडे लावतात, माणसांची नोंद करतात, पुलावर कंदील बसवतात. गावाला ही मोजणी कशासाठी ते कळत नाही. काही वर्षांनी लष्करभरतीचा हुकूम येतो, तेव्हा कळतं. १९०८ चा जाहीरनामा कापियावर चिकटवला जातो, अलीहोजा तो थांबून वाचतो. थोड्याच दिवसांत पुलाच्या एका खांबात गुपचूप सुरुंगासाठी पोकळी खणली जाते. ज्यांनी पूल उजळवला तेच आता तो उडवायची सोय करून ठेवतात. १९१४ मध्ये तो उडतो, आणि घराकडे चढण चढता चढता अलीहोजा मरतो. कादंबरी तिथे संपते.

आपल्याकडे कागद भरपूर

हे वाचताना मला गॅझेटियर आठवत होतं. बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटियर इंग्रजांनी १९१० मध्ये छापलं. विशेग्रादच्या कारकुनांनी घराघरावर जे आकडे रंगवले, त्यांचंच हे बांधीव पुस्तक. पाऊस, कापूस, जाती, मंदिरं, मशिदी, सारा. काम चोख आहे. त्यात गावं आहेत, पण गावातला बोलणारा माणूस नाही.

दुसरं पुस्तक आपल्या माणसाचं. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये आला. हे साल महत्त्वाचं आहे. आदल्याच वर्षी निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉयकडे मागणी केली होती की वऱ्हाड परत द्या. बुलढाण्यातला माणूस वऱ्हाडचा इतिहास मराठीत मांडत होता, तेव्हा वऱ्हाड कोणाचं याचा पत्रव्यवहार हैदराबाद आणि दिल्लीच्या दरम्यान चालू होता. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय रेडिंगने निजामाला जे उत्तर पाठवलं, ते हिंदुस्थानच्या घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे : ब्रिटिश सत्ता ही सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाद घालू शकत नाही. 'सार्वभौमत्व' या विषयावर कुठेही शिका, हे पत्र समोर येतंच. ते आपल्या वऱ्हाडाबद्दल आहे, हे मात्र आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

१९३६ मध्ये तडजोड झाली. निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' असा किताब मिळाला, त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. राज्य मिळालं नाही, नाव मिळालं.

याच काळात वऱ्हाडात स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती. १९३० मध्ये समुद्र नसलेल्या या प्रदेशात दहिहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. त्याच वर्षी जुलैत बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. यात एक गुंता आहे, आणि कादंबरीकाराला तो सोन्यासारखा वाटायला हवा. वऱ्हाडातला सत्याग्रही ज्या सरकारचा कायदा मोडत होता, ते सरकार कागदोपत्री भाडेकरू होतं. भाडेकरू गेला तर घर कोणाकडे जाणार?

हा प्रश्न १९४७ मध्ये खराखुरा उभा राहिला. इंग्रज जाणार म्हणजे संस्थानिकांशी त्यांनी केलेले करार संपणार. मग वऱ्हाडचा करारही संपणार. जुलै १९४७ मध्ये छत्तारीच्या नवाबांचं शिष्टमंडळ निजामाच्या वतीने माउंटबॅटनना भेटलं, तेव्हा वऱ्हाडचा विषय त्यांच्या यादीत होता. ८ ऑगस्टला अकोल्यात पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भाच्या नेत्यांचा अकोला करार झाला. स्वातंत्र्याला सात दिवस उरले होते. मोताळ्याच्या बाजारात त्या आठवड्यात लोक काय बोलत होते? मलकापूरच्या स्टेशनावरून कोणती बातमी आली, ती घाटावर पोचेपर्यंत तिचं काय झालं? निजामाचा झेंडा येणार अशी अफवा उठली असेल, तर कोण घाबरलं, कोण खूश झालं, आणि कोण दोन्हीकडच्या सोयऱ्यांचा विचार करत गप्प बसलं?

आंद्रिच हे लिहितो. १८०४ मध्ये सर्बियात बंड पेटतं तेव्हा विशेग्रादचे लोक रात्री डोंगरावरच्या जाळांकडे बघतात. सर्ब आणि मुसलमान शेजारी आपापल्या अंधारात उभे राहून एकच जाळ बघतात आणि उलट्या प्रार्थना करतात. सकाळी एकमेकांना रामराम केल्यासारखं बोलतात. राजूरच्या घाटातून दिसणारा असा एखादा जाळ आपल्या साहित्यात यायला हवा. उद्धव शेळके यांच्या 'धग'ने १९६० मध्ये दाखवलं की वऱ्हाडी बोली आणि एका गरीब घराची चूल पूर्ण कादंबरी पेलू शकते. 'धग'चा विषय राज्य नाही, भूक आहे. पण भाषेची ताकद सिद्ध झालेली आहे. आता त्या भाषेत १९४७ चा बाजार हवा.

पूल साक्षीदार नसतो

आता दुसरी गोष्ट.

कादंबरीचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पूल बांधतानाचा आहे. वेठबिगारीला कंटाळलेला रादिसाव नावाचा सर्ब शेतकरी रात्री येऊन बांधकाम मोडतो. पकडला जातो, आणि तुर्की अधिकारी त्याला सुळावर देतात. आंद्रिच हे पानामागून पान, इंचाइंचाने लिहितो. ज्याने वाचलं तो विसरत नाही. बोस्नियातल्या अनेक मुस्लिम समीक्षकांचा आक्षेप इथून सुरू होतो : या पुस्तकात मुसलमान म्हणजे क्रूर अंमलदार आणि सर्ब म्हणजे सोसणारा शेतकरी, असा साचा डोक्यात बसतो. आंद्रिचने १९२४ मध्ये, म्हणजे काळ्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' आला त्याच वर्षी, ग्राझ विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. त्यात तुर्की राजवटीचा बोस्नियाच्या सांस्कृतिक जीवनावरचा परिणाम त्याने जवळजवळ पूर्णपणे वाईट ठरवला होता. त्यामुळे आक्षेप हवेतला नाही.

तरी मला तो पूर्ण पटत नाही. या कादंबरीतलं सर्वांत शहाणं, सर्वांत जवळचं पात्र अलीहोजा आहे, आणि तो मुसलमान आहे. शेवटचा मृत्यू त्याचा आहे आणि आपण रडतो त्याच्यासाठी. तरुणपणी ऑस्ट्रियाविरुद्धच्या 'म्लादा बोस्ना' चळवळीत असलेला, १९१४ मध्ये तुरुंगात गेलेला आंद्रिच, बंडखोर तरुणांपेक्षा या थकल्या दुकानदारावर जास्त माया करतो. द्वेष्टा लेखक असं करत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती पुलाबद्दल आहे.

जवळजवळ प्रत्येक प्रकरणाचा शेवट सारखा आहे. माणसं मारली जातात, बुडतात, देशोधडीला लागतात. मग पाणी वाहत राहतं आणि पूल तसाच उभा असतो. पहिल्यांदा हे सुंदर वाटतं. पाचव्यांदा वाचताना मला शंका आली. पूर आला, पटकी आली, कत्तल झाली, सगळं एकाच लयीत आलं आणि गेलं. पुलाच्या उंचीवरून बघितलं की कत्तलही पुरासारखी दिसते. पुराला गुन्हेगार नसतो. कत्तलीला असतो.

ही शंका फक्त साहित्यिक नाही. कादंबरी १९४५ मध्ये आली, १९६१ मध्ये आंद्रिचला नोबेल मिळालं. १९९१ च्या जनगणनेत विशेग्राद तालुक्यात सुमारे दोन तृतीयांश लोक मुसलमान, म्हणजे बोस्नियाक होते. १९९२ च्या उन्हाळ्यात सर्ब सशस्त्र टोळ्यांनी त्यांना याच पुलावर आणून मारलं आणि द्रिनेत फेकलं. बायका, मुलं, म्हातारी माणसं घरात कोंडून जाळली. टोळीचा म्होरक्या मिलान लुकिच याला हेगच्या न्यायाधिकरणाने २००९ मध्ये जन्मठेप दिली. पूल तसाच उभा होता. २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. २०१४ मध्ये सिनेदिग्दर्शक एमिर कुस्तुरिकाने गावात 'आंद्रिचग्राद' नावाची दगडी पर्यटन-वसाहत उघडली.

या पुलाने काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते वाचलेल्या माणसांनी, न्यायालयात, नावांसकट, तारखांसकट. त्याच विशेग्रादात १९७८ मध्ये जन्मलेला साशा स्टानिशिच चौदाव्या वर्षी घरच्यांबरोबर जर्मनीला पळाला, आणि २००६ मध्ये त्याने जर्मनमध्ये लिहिलेल्या पहिल्या कादंबरीत तीच द्रिना आणली. पण त्याचा निवेदक उंचावरचा पूल नाही, एक पोर आहे. ज्याला गाव सोडावं लागलं असं. मला वाटतं आंद्रिचला दिलेलं हे सर्वांत चांगलं उत्तर आहे.

आपला पूल कोणता

आपल्याकडे पुलाचं काम हल्ली फॉरवर्ड करतात. एखाद्या पडक्या वेशीचा फोटो, खाली तीन ओळी, आणि शेवटी 'आपला इतिहास विसरू नका'. त्या तीन ओळींत दोनच पक्ष असतात, आपण आणि ते.

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडचं उदाहरण घ्या. तिथे खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद आहे. विशेग्रादच्या पुलानंतर पाचेक वर्षांनी. रोहिणखेडला दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ मध्ये, खानदेशचा नासिर खान फारुकी आणि बहमनी फौज यांच्यात. तवारिखांतलं कारण असं की नासिर खानाच्या मुलीला बहमनी सुलतानाच्या घरी नीट वागवत नव्हते. म्हणजे सासरचं भांडण. दुसरी १५९१ च्या सुमारास, अहमदनगरच्या गादीवरून. बुरहान निजामशहा स्वतःच्याच मुलाला गादीवर ठेवणाऱ्या जमाल खानाशी लढला. म्हणजे बाप-लेकाचं भांडण. आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला हरवलं आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. तिथेही दोन्ही बाजूंना मुघल सरदार. मोगलाई म्हणून आजी ज्या मुलखाला परका समजायची, त्याचा जन्मच बुलढाणा जिल्ह्यात झालाय. 'आपण आणि ते' या साच्यात यातलं काहीही बसत नाही.

आणि जे बसवायला सोपं वाटतं, तेही पूर्ण बसत नाही. १७ सप्टेंबरला भोकरदन-जाफ्राबादला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लागतो, घाटाच्या अलीकडे आमच्याकडे तो दिवस साधा असतो. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत. अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या पुस्तकात त्या लढ्याची हकिकत वाचायला मिळते, ती प्रत्येकाने वाचावी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काय झालं तेही खरं आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती त्या वर्षअखेर हैदराबाद राज्यात फिरली. तिच्या अंदाजाप्रमाणे कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. मरणारे बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपर्यंत आला नाही. रझाकारांचं पाप सांगताना हे गाळायचं, किंवा हे सांगताना रझाकार गाळायचे, यालाच मी पुलावरून बघणं म्हणतो. उंचावरून आपल्याला हवा तेवढाच जाळ दिसतो.

म्हणून आंद्रिचकडून सराईचं गळकं छत घ्यावं, अलीहोजाचा कान घ्यावा, घरावरचा आकडा घ्यावा. पूल त्याच्याकडेच राहू द्यावा. राजूरचा घाट सगळं बघत उभा आहे, अशी ओळ कोणी लिहिली तर ती खोडावी. घाट काही बघत नाही. बघितलं असेल ते माणसांनी, आणि ती माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

हे मी दुसऱ्यांना सांगतोय, पण चूक माझीही आहे. आजी एक गोष्ट सांगायची. ती दहा-एक वर्षांची असताना तिच्या माहेरच्या गोठ्यात एक कुटुंब येऊन राहिलं होतं. "मोगलाईतून आल्ते. हुरड्याचे दिवस व्हते. आबानं ठुलं मंग त्याह्यले." एवढंच. मी लहानपणापासून धरून चाललो होतो की ते रझाकारांपासून पळालेले हिंदू असणार. कादंबरी संपवून, समितीचा अहवाल वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आजीने त्यांची जात, धर्म, नाव, काहीच सांगितलं नव्हतं. हुरडा १९४७ चा असेल तर ते एक कुटुंब, १९४८ चा असेल तर कदाचित वेगळंच.

एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.